भिंतीवरची

ताई : पडदा पूर्ण काढ. नुसता बाजूला सारून चालत नाही, दांडीवरून काढ.

छकू : काढते. आज एकटीच? तुझी जोडीदारीण कुठे गेली?

ताई : तापाने पडलीय. आणि पाहणी चालू असताना मला अहोजाहो करायचं असतं, ठाऊक आहे तुला.

छकू : बरं, बाईसाहेब. तुमच्या जोडीदारणीला लवकर उतार पडो. स्टूल देऊ का?

ताई : नको, पोचतो हात. काच शेवटची कधी रंगवलीस?

छकू : थंडी सरली तेव्हा. दोन हात दिलेत. घरच्या बाईने स्वतःच्या हाताने काळी करायची असा नियम आहे, तशीच केली. नखांतला रंग अजून जात नाही, हे बघा.

ताई : नियम मला सांगू नकोस.

छकू : तुम्हाला कोण सांगणार? तुम्हीच केलाय.

ताई : बॅटरी लावते. पोरी, डोळे दिपतील, तिकडे बघ. हं. वरचा कोपरा ठीक. मधला भाग ठीक. खाली... ठीक. एक ओरखडा नाही. अख्ख्या गल्लीत तुझीच काच चांगली असते, दर खेपेला. लाव पडदा. झालं माझं.

पोरगी : मावशी, गुडघा बरा आहे का आता?

ताई : काय म्हणालीस?

पोरगी : गुडघा. तू त्या पायरीवरून...

छकू : तू आत जा. दूध उतू जाईल.

ताई : दूध कुठे ठेवलंय? चूल तर गार आहे. थांब, पोरी. इथे ये, माझ्यासमोर. कुठली पायरी?

पोरगी : दवाखान्याची. तू घसरलीस ना.

छकू : अगं, पहारेकऱ्याने बघितलं असेल. त्याने ह्यांना सांगितलं, ह्यांनी घरी येऊन सांगितलं. पुरुषांच्या तोंडात काही राहतं का?

ताई : पहारेकऱ्याची पाठ होती, विडी पेटवत होता. पाहणीच्या वेळी रस्ता सगळ्यांना बंद असतो. जोडीदारीण चौकातून तिच्या वाटेने गेलेली. मी पडले, उठले, कोट झाडला आणि घरी गेले. आजपर्यंत एका माणसाला सांगितलं नाही. सांगायला आहे कोण म्हणा. आणि छकू, तुझे कान लाल झालेत.

छकू : काहीतरीच.

ताई : लहानपणापासून होतात. तुला खोटं कधी पचलं नाही.

छकू : बॅटरी डोळ्यांवर धरलीस तर कुणाचेही होतील.

ताई : बस जरा खाली. दोघी बसा. पाहणी संपली असं समज. काल साहेबांनी मला वर बोलावलं होतं. बसायला खुर्ची दिली. ते खुर्ची देतात तेव्हा समजायचं, काहीतरी हवंय. म्हणाले, बायकांना बाहेरचं कळतं कसं? दवाखान्याचं दार परवा हिरवं रंगवलं. त्याच संध्याकाळी एका घरात बायको नवऱ्याला वाढता वाढता म्हणाली, हिरवा बरा दिसतो नाही. नवऱ्याचा घास हातात राहिला. सकाळी तो तक्रार घेऊन कचेरीत.

छकू : कोण ती?

ताई : ते विचारू नकोस. तिने कबूल काही केलं नाही, म्हणाली स्वप्नात दिसलं. साहेबांना स्वप्नं पटत नाहीत. उद्या मला उत्तर द्यायचंय, कसं कळतं ते.

छकू : आणि दिलंस तर?

ताई : वरच्या मजल्यावरची खोली मिळेल. साध्या काचेची. आरपार दिसते अशी. झाडं, पलीकडची टेकडी. मी त्या खोलीत एकदा उभी राहिलेय, साहेब फोनवर बोलत होते तेवढा वेळ. छकू, मला वाटलं तिथून कुणी हलवूच नये मला.

छकू : तुझी आत्ताची खोली कशी आहे?

ताई : तुझ्या खोलीसारखीच. काळी. तुला काय वाटलं, कोट मिळाला म्हणजे खिडकीही मिळते? रस्त्यावरून चालायला मिळतं तेवढंच.

छकू : आणि उत्तर नाही दिलंस तर?

ताई : कोट काढून घेतील. दुसरीला देतील. ती शोधेल. आणि ज्या घरात सापडेल तिथली मुलगी आईपासून काढून मुलींच्या घरात नेतील. लग्न होईपर्यंत.

छकू : म्हणजे तू काच बघायला आली नव्हतीस. उत्तर शोधायला आली होतीस. जोडीदारणीला मुद्दाम ताप आणलास.

ताई : तिला ताप खरा आहे. पण उत्तर इथे मिळेल असं वाटलं होतं. नाही, तसंही नाही. इथे मिळू नये असं वाटत होतं, म्हणून आधी इथे आले. आणि तुझ्या लेकीने ते आयतं हातात ठेवलं.

पोरगी : मी फक्त विचारलं. तिला लागलं होतं ना, आई. किती वेळ उठत नव्हती.

ताई : लागलं होतं, बाळा. आणि तुझ्याशिवाय कुणी विचारलं नाही. दाखव मला, छकू.

छकू : दाखवलं तर सांगशील.

ताई : नाही दाखवलं तर घर उकलून काढेन. मला ते येतं. माझं कामच आहे.

छकू : मग काढ. बघूया.

पोरगी : आई, दाखवूया. बाहेरच्या कुणालाच ते ठाऊक नाही, तिला तरी कळू दे.

छकू : फार बोलायला लागलीस. बरं. ताई, ती बॅटरी बंद कर.

ताई : पाहणीत बॅटरी बंद करायची नसते.

छकू : तीच तर गंमत आहे तुमची. भगभगीत उजेड घेऊन अंधारात शिरता, आणि म्हणता इथे काही नाही. बंद कर. आणि गप्प बस. डोळ्यांना वेळ लागतो.

(बॅटरी विझली. तिघी जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या. ताईने इतकी घरं तपासली, पण काळ्या काचेच्या खोलीत दुसऱ्या कुणाशेजारी अशी नुसती बसली नव्हती कधी. आधी काहीच नव्हतं. मग समोरच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, गल्ली उमटली : वर रस्ता, खाली आभाळ, मधे दवाखान्याचं हिरवं दार, सगळं डोक्यावर उभं.)

ताई : हे काय आहे?

पोरगी : आपली गल्ली.

ताई : उलटी आहे.

पोरगी : मला नाही वाटत उलटी. मी अशीच बघत आलेय.

ताई : येतंय कुठून? काच तर मी बोट बोट तपासली.

छकू : काचेतून नाही, चौकटीतून. खालच्या लाकडात एक गाठ होती. लाकूड वाळलं तशी ती सैल झाली. मी दाभणाने कोरत गेले. मोहरीच्या दाण्याएवढं भोक आहे. मी ते काही बघायला म्हणून पाडलं नव्हतं हं, वारा यावा म्हणून. वारा आला नाही, ही गल्ली आली. पोर तेव्हा रांगत होती. भिंतीवर हात आपटून पकडायला बघायची.

ताई : चौकट आम्ही कधीच तपासत नाही.

छकू : नियमात काच म्हटलंय.

ताई : हो. साहेबांनी विचारलं होतं तेव्हा, नुसती काच पुरे का? मी म्हटलं, पुरे.

छकू : मुद्दाम?

ताई : मुद्दाम असं म्हणायला मला आवडलं असतं. जेवायची वेळ झाली होती. मला भूक लागली होती.

छकू : तुझं सगळं असंच असतं.

ताई : रस्ता रिकामा आहे.

पोरगी : ही तुझी वेळ ना. रोज यावेळी तू असतेस. तिकडून येतेस, दवाखान्यापासून, आणि भिंतीवरच्या ह्या फळीमागे दिसेनाशी होतेस. डोकं खाली, पाय वर. लहानपणी मी तुला पाल म्हणायचे.

छकू : मी रागवायचे तिला. पाल काय म्हणतेस, मावशी आहे म्हणून.

ताई : मी स्पष्ट दिसते?

पोरगी : तोंड नाही दिसत. कोट दिसतो. चालणं दिसतं. चौक ओलांडला की तू हातवारे करतेस. कुणाशी बोलतेस गं?

ताई : कुणाशी नाही. आज जेवायला काय करायचं, असलं काहीतरी. बोलायची सवय राहावी म्हणून.

छकू : शेवटी नेहमी मान हलवतेस. पलीकडची नको म्हणाल्यासारखी.

ताई : किती घरांत आहे हे?

छकू : आमच्याच फक्त.

ताई : कान, छकू.

छकू : अंधारात तुला कान दिसतात?

ताई : दिसत नाहीत. तरी ठाऊक आहे.

पोरगी : सगळ्यांकडे आहे, मावशी. आई, तिला कळणारच आहे आता. तू चौकात दिसलीस की पहिल्या घरातली बाई भिंतीवर टकटक करते. मग पुढची, मग तिच्या पुढची. भिंतीवरची आली, भिंतीवरची आली. मग सगळ्या बसतात.

ताई : भिंतीवरची. हे नाव आहे माझं?

छकू : दुसरीही आहेत. ती पोरीसमोर सांगत नाही.

ताई : मग बसतात कशाला बघायला?

छकू : दुसरं काय बघणार? सकाळ-संध्याकाळ पुरुष जातात, येतात. रोज दिसणारी बाई एकच. तुझा राग करतात गं, करणारच. पण तू आलीस की अंथरुणाला खिळलेली म्हातारीसुद्धा उठून बसते. तुझ्या पायात नवी चप्पल आली तेव्हा आठवडाभर गल्लीला दुसरा विषय नव्हता. उंच टाचेची की सपाट, यावर दोघींचं भांडण झालं, भिंतीवर टकटक करून करून.

ताई : सपाट आहे.

छकू : मी तेच म्हणत होते.

ताई : इतकी वर्षं मला वाटायचं, ह्या गल्लीतून मी जाते आणि कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. कधी कधी वाटायचं, मी चालतेय की नाही? कोट तेवढा चाललाय.

छकू : आम्हाला अंधारात तूच बसवलंस, ताई. मग कोण मान वर करणार?

ताई : मी नसते तर दुसरी कुणी असती.

छकू : असं सगळ्याच म्हणतात.

ताई : तुला ठाऊक नाही. त्यांना खिडक्यांत विटा घालायच्या होत्या. पहिल्या बैठकीत नकाशा होता टेबलावर, विटांच्या गाड्या ठरल्या होत्या. एकटी बाई होते मी त्या खोलीत, पाणी द्यायला ठेवलेली. मी म्हटलं, साहेब, विटा कशाला, काळा रंग पुरे. त्यांच्याच हाताने लावू दे. हसले सगळे. म्हणाले, बाईला बाईचं बरोबर कळतं. त्या दिवशी मला कोट मिळाला.

छकू : उपकार झाले.

ताई : विटेला गाठ नसते, छकू.

छकू : हं. ते खरं आहे. पण आमच्याच हाताने लावायचा, हे तू त्यांना सुचवलंस. ते नसतं सुचवलंस तर चाललं असतं.

ताई : नसतं सुचवलं तर त्यांनी माणसं पाठवली असती घरोघर.

छकू : तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

ताई : उत्तरं आहेत. झोप नाही.

पोरगी : मावशी, तू साहेबांना दुसरं काहीतरी सांग ना. खोटंच.

ताई : दुसरं म्हणजे दुसरीचं, बाळा. सुईण घरोघर जाते, तिचं नाव सांगू? धुणं नेणारीचं सांगू? कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं त्या खुर्चीत बसून. तुझ्या आईला ठाऊक आहे ते.

छकू : मला काय ठाऊक? मला मधे ओढू नकोस.

ताई : शेजारच्या शिंपिणीने काच खरवडली होती. मला कुणी दाखवली?

पोरगी : आई?

छकू : तू नुकती चालायला लागली होतीस. हिची जोडीदारीण ह्याच चौकटीपाशी वाकली होती, सहज हात फिरवत होती लाकडावरून. मी म्हटलं, इथे काय बघता, शेजारी बघा. तोंडातून निघून गेलं.

पोरगी : शिंपीणकाकूंची मुलगी मामाकडे राहायला गेली ना?

छकू : तसं मी तुला सांगितलंय.

पोरगी : काकू मला अजून भिंतीवर टकटक करतात. रोज.

छकू : मला ठाऊक आहे.

ताई : तिला रागवू नकोस, पोरी. मी तर साहेबांना सांगितलं, मलाच दिसलं म्हणून. शाबासकी घेतली. हा गुडघ्यापर्यंतचा कोट तेव्हाच मिळाला, आधीचा कमरेपर्यंत होता.

छकू : आपण दोघी एका माळेच्या.

ताई : अजून रिकामाच आहे रस्ता.

पोरगी : तू इथे बसलीयस, मग कोण येणार?

ताई : मला एकदा बघायचं होतं. मी कशी दिसते ते.

छकू : ते कसं दिसेल तुला? काहीतरी वेड्यासारखं.

ताई : कोट घाल.

छकू : कुणी?

ताई : तू. माप एकच आहे आपलं. लहानपणी माझ्या चपला घालून पळायचीस तू, आता ह्या घाल. टोपीची झालर पुढे ओढली की तोंड झाकतं. पहारेकरी कोट बघतो, बाई बघत नाही. दवाखान्यापर्यंत जा आणि परत ये.

छकू : तुझं डोकं फिरलंय. लग्न करून ह्या घरात आले तेव्हा जिना चढले ती चढले. रस्त्यावर पाय टाकायचा कसा?

ताई : मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

छकू : पकडलं तर?

ताई : तर मी खिडकी उघडून ओरडेन, की कोट मी दिलाय. तेवढं नक्की करेन. एवढं मला येईल.

छकू : ताई, तू मला खांद्यावर घेऊन भिंतीपलीकडचं दाखवायचीस. आपण राहायचो तिथे, पाठीमागे ती उंच भिंत होती.

ताई : हो. तू लाथा मारायचीस.

छकू : तुला काय दिसायचं तेव्हा?

ताई : तुझे पाय. आणि तू सांगशील ते. एकदा हत्ती होता म्हणालीस.

छकू : उकिरडा होता. रोजच उकिरडा असायचा. मला वाटायचं, ही खाली वाकून उभी राहिलीय, हिला उकिरडा काय सांगू.

ताई : मी हत्तीचं सगळ्यांना सांगितलं होतं.

छकू : आण तो कोट इकडे. बटणं किती ती, बाई. पोरी, मी खाली गेले की दाराला आतून कडी घाल. आणि मावशीला काय हवं-नको बघ.

पोरगी : आई, खरंच चाललीस?

छकू : विचारू नकोस, नाहीतर नाही जाणार.

पोरगी : गेली. कडी घातली मी. मावशी, इथे बस, इथून नीट दिसतं. पाय पोटाशी घे.

ताई : किती वेळ लागतो खाली जायला?

पोरगी : मला काय माहीत? मी कधी गेलेय?

ताई : चुकलं माझं. अंधार आहे जिन्यात, सावकाश उतरेल.

पोरगी : ती बघ. आली. आली, मावशी.

ताई : कुठे? ती? एवढीशी?

पोरगी : तू पण एवढीच दिसतेस.

ताई : भिंतीला चिकटून चाललीय. अशाने संशय येईल. मधून चाल म्हणावं.

पोरगी : आता मधे आली. थांब, ती लंगडतेय. आईला लागलं का?

ताई : लागलं नाही. माझी नक्कल करतेय. काय बाई आहे, जीव मुठीत धरून चाललीय आणि माझी नक्कल करतेय.

पोरगी : छान करतेय.

ताई : मी इतकी लंगडते?

पोरगी : त्याहून जास्त. मावशी, पहारेकरी वळला.

ताई : बोलू नकोस.

पोरगी : त्याने सलाम केला तिला.

ताई : करतो तो. कोटाला करतो. चाल, छकू, थांबू नकोस.

पोरगी : टकटक ऐकलीस? शिंपीणकाकू. सगळ्यांना वाटतंय, तूच आहेस. आत्ता सगळ्या बसल्या असतील.

ताई : दवाखान्यापाशी पोचली. दाराला हात लावतेय, बघ. हिरवा रंग बघायला. वाळला असेल एव्हाना. वळ आता. हं, वळली.

पोरगी : तू का रडतेस? येतेय ती परत.

ताई : किती एकटी दिसते गं.

पोरगी : रोजच तशी दिसते.

ताई : हो का.

पोरगी : आता इथे थांबेल बघ, आपल्या खिडकीखाली. तू रोज थांबतेस आणि वर बघतेस. बघ, थांबली.

ताई : मी टोपी नीट करायला थांबते.

पोरगी : आई म्हणते, तू आम्हाला बघायला थांबतेस. मग पाणी प्यायला उठते आणि बराच वेळ येत नाही.

ताई : कडी काढ. वर येईल आता.

छकू : घे तुझा कोट. जड आहे, खांदे मोडले. पाणी दे गं मला.

पोरगी : मी घाबरले होते.

छकू : मी नाही घाबरले वाटतं?

ताई : काय दिसलं बाहेर?

छकू : हत्ती.

ताई : खरं सांग.

छकू : खिडक्या. दोन्ही बाजूंना काळ्या खिडक्या. मला ठाऊक होतं की मागे सगळ्या बसल्यात. कुठली बाई कुठे बसते, ते डोळे मिटून सांगू शकते मी. तरी दवाखान्यापर्यंत जाता जाता वाटायला लागलं की अख्ख्या गावात मी एकटीच उरलेय. आणि मला तर ठाऊक होतं. तुला ठाऊकही नव्हतं. तू रोज कशी चाललीस, ताई?

ताई : आता नीट चालता आलं असतं.

छकू : असतं म्हणजे?

ताई : उद्या साहेबांना सांगेन की मीच सांगत होते. पाहणीला गेले की बायकांशी गप्पा मारायचे, दाराचा रंग, रस्ता, कोण आलं, कोण गेलं. तोंड राहिलं नाही म्हणेन. ते त्यांना लगेच पटेल. बायकांचं तोंड राहत नाही, यावर त्यांचा फार विश्वास आहे.

छकू : कोट जाईल.

ताई : जाईल. आणि मला कुठल्यातरी काळ्या खोलीत ठेवतील. कुठे ते सांगणार नाहीत.

छकू : आत्ता इथे बसून म्हणतेस. उद्या खुर्ची पुढे आली की साधी काच आठवेल. तो डोंगर.

ताई : टेकडी. आठवेल, का नाही आठवणार? मी शपथ घेत नाही, छकू. माझाच मला भरवसा नाही, तुला कुठून देऊ? परवा यावेळी भिंतीकडे बघा. मी कोटात दिसले, तर समजा की मी सांगितलं. लगेच गाठीत लाकूड ठोका आणि टकटक करून सगळ्यांना कळवा. पहिली शिंपिणीला.

पोरगी : आणि नाही दिसलीस तर?

ताई : तर मी बरी आहे असं समज.

छकू : दुसरी दिसेल मग. आखूड कोटातली.

ताई : तिला फार शिव्या देऊ नका.

छकू : ते तिच्यावर आहे. थांब, जाऊ नकोस लगेच. हे घे.

ताई : काय आहे?

छकू : दाभण. तेच. कोटाच्या अस्तरात खोच, आणि कोट द्यायच्या आधी आठवणीने काढ. तुझी विसरायची सवय जुनी आहे. काचेला हात लावू नकोस. चौकट चाचप, खालून सुरुवात कर. कुठे ना कुठे गाठ असतेच लाकडात. घाई करायची नाही, फार मोठं भोक पाडायचं नाही. मोठं पाडलंस तर सगळं पुसट होतं.

ताई : आणि त्या खिडकीबाहेर रस्ताच नसला तर? नुसती भिंत असली तर?

छकू : तर भिंत दिसेल. तिच्यावरून ऊन सरकतं, ते दिसेल.

पोरगी : मावशी, आज तू दोनदा आलीस असं सगळ्यांना वाटेल. काय सांगू?

ताई : सांग, गुडघा बरा आहे का विचारलंस म्हणून आली.

छकू : पदर नीट कर, कोटातून बाहेर आलाय. आणि ताई, भिंतीच्या कडेने जाऊ नकोस. मधून चाल. कडेने गेलीस की आम्हाला दिसत नाहीस.